लाल दोऱ्याच्या चादरी

त्या सकाळी मोठ्या आत्याने चादरीचं समोरचं टोक कुणालाच दिलं नाही, तेव्हाच घरातल्या धाकट्या सुनेने, धाकटीने, ओळखलं की आज घरात काहीतरी बिनसणार.

एरवी या लॉन्ड्रीत एकट्याने चादरीची घडी घालणं म्हणजे एकट्याने झोपाळ्यावर बसून स्वतःलाच झोका देण्यासारखं. चादर ही दोघांनी धरायची. चार टोकं, चार हात. ताणायची, झटकायची, दुमडायची आणि मग एकमेकांकडे चालत येऊन टोकात टोक द्यायचं. आणि घरात कुणाला कुणाशी काही बोलायचं असलं, भांडायचं असलं, मागायचं असलं, तर ते चादर धरूनच बोलायचं, असा इथला रिवाज. हातात चादर असली की माणूस तणतणत निघून जाऊ शकत नाही. सोडली तर ती ओल्या फरशीला लागणार, पुन्हा भट्टीत जाणार, आणि भट्टीत घालायची ती सोडणाऱ्यानेच. आवाजही फार चढत नाही, सगळा दम झटक्यात जातो. थोरल्या दिरांचं लग्न चादरीवर ठरलं होतं. आत्या तर सांगायची की तिच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावाने वाटणीवरून एक चादर अशी ताणून धरली, अशी ताणून धरली, की शेवटी वाटणी राहिली बाजूला आणि त्या चादरीत दोन्ही घरांचे पडदे झाले.

पण त्या सकाळी आत्या एक टोक दाताखाली आणि एक हनुवटीखाली धरून एकटीच घड्या घालत होती. म्हणजे तिला कुणाचं ऐकायचं नव्हतं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मुलीला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पापुद्रा धरला, मान सुजली, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली आणि बापाने तिला खांद्यावर टाकून टेकडीवरच्या इस्पितळात पळवत नेलं. ती अजून तिकडेच होती. तिच्याबरोबर खेळणारी आणखी दोन पोरं तापली होती. इस्पितळाने निरोप धाडला की आज खालच्या वस्तीत लस द्यायला माणसं येतील, आणि जागा म्हणून लॉन्ड्रीचं अंगण मिळावं. वस्तीत तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती. शिवाय आत्याच्या अंगणात लस टोचली गेली तर आख्खी वस्ती येणार, आणि आत्याने फाटक लावलं तर काळं कुत्रंही फिरकणार नाही, हे इस्पितळालाही कळत होतं.

धाकटीची मुलगी भिंगरी शिंप्याच्या मुलीबरोबर एकाच पायरीवर बसून बाहुल्या न्हाऊ घालायची.

भिंगरीला आजवर एकही सुई टोचली नव्हती. धाकटी दुसऱ्या गावची. माणसं तिकडची-इकडची एकच, बोली एकच, पण तिच्या माहेरी लस घेत. भिंगरी झाली तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं होतं. नवरा म्हणाला, आत्याला विचारू. मग आत्याला विचारायची वेळ कधी आलीच नाही. आधी हिवाळा होता, मग कामाची गर्दी होती, मग आत्याचे गुडघे दुखत होते. भिंगरीचे दुधाचे दात हलायला लागले तरी नवऱ्याचं "आत्याला विचारू" हललं नव्हतं. आज पहाटे धाकटीने भिंगरीचे बूट आणि एक फ्रॉक पिशवीत घालून पिशवी इस्त्रीच्या टेबलाखाली लपवली होती. अंगणात नाही तर टेकडीवर, पण आज न्यायची. एवढं ठरवून ती कपाळाला आठी न घालता कपड्यांना नीळ देत उभी होती.

सिस्टर आली तेव्हा वाफ दाराच्या वरच्या चौकटीपर्यंत उतरली होती. सिस्टर म्हणजे धाकटीची नणंद. टेकडीवरच्या इस्पितळात नर्स. घरात तिला सगळे सिस्टरच म्हणायचे, दोन्ही सख्खे भाऊसुद्धा, आणि ती रागावली की आणखी मोठ्याने म्हणायचे. आज कुणी चिडवलं नाही. ती पांढऱ्या कपड्यांतच आली होती, आणि आत्याने तिच्याकडे बघून एवढंच विचारलं की आज भाची म्हणून आलीस की सरकारी पाहुणी म्हणून.

"दोन्ही," सिस्टर म्हणाली. "चहा भाचीला दे."

आत्याला हसू आलं, पण तिने ते चादरीत दडवलं.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. बॉयलर सांभाळणारे थोरले दीर वाफेतून बाहेर आले आणि म्हणाले की अंगण द्यायला हवं, इस्पितळाचंच तर काम आपण करतो, त्यांना नाही कसं म्हणणार. आत्या म्हणाली, त्यांची चादर धुतो, त्यांच्या ताटात जेवत नाही. थोरली जाऊ इतके दिवस धाकटीच्या बाजूची. कालच दोघींनी भांडी घासताना कुजबुजत ठरवलं होतं की आपण दोघी एका सुरात बोलायचं, तिच्याही मुलाला लस द्यायची. पण आज नवरा इस्पितळाच्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर तिचं डोकं फिरलं. नवऱ्याची आणि तिची बाजू एकच असावी असं गेल्या कित्येक वर्षांत घडलं नव्हतं, आणि ते आज घडू द्यायला ती तयार नव्हती. ती आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं तर ती छताकडे बघायला लागली. आणि धाकटीचा नवरा नेहमीसारखा दोन्हीकडे मान डोलवत होता, पंख्यासारखा.

सिस्टर शांतपणे सांगत होती. हा आजार कसा पसरतो, लस का लागते, टेकडीवरच्या वस्तीत पोरं का आजारी पडत नाहीत आणि आपल्याकडेच का पडतात. सगळं बरोबर होतं. धाकटीला वाटलं, हे इतकं बरोबर आहे की कुणाच्याच अंगाला लागत नाहीये, तेलावरून पाणी जावं तसं.

आत्याने तिला पूर्ण बोलू दिलं. मग ती गाठोड्यांकडे गेली आणि दोन चादरी घेऊन आली. एका चादरीच्या कडेला निळा दोरा शिवलेला होता, दुसरीच्या कडेला लाल.

"धर," ती सिस्टरला म्हणाली. "डोळे मीट आणि सांग, कुठली कुठली आहे."

सिस्टरने डोळे न मिटताच मान खाली घातली.

हे घरातल्या पोरांनाही येत होतं. निळ्या दोऱ्याच्या चादरी जाड, गुळगुळीत, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांच्या. लाल दोऱ्याच्या विरलेल्या, मधे ठिगळ, हात घातला तर पलीकडची बोटं दिसतील अशा. त्या मागच्या वॉर्डाच्या. आणि मागच्या वॉर्डात कोण असायचं, तर खालच्या वस्तीतली माणसं. आपलीच. टेकडीवरची माणसं आजारी पडली तर निळ्या दोऱ्यावर झोपत, इथली पडली तर लाल दोऱ्यावर. कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. पण आत्याच्या बापापासून हे घर त्या चादरी धूत आलं होतं आणि इस्पितळ कुणाला काय देतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते हाताला लागत होतं.

"परवा शिंप्याच्या पोरीला बघायला गेले होते," आत्या म्हणाली. "परत येताना पाहिलं, मागच्या दारी लशीच्या पेट्या लावत होते. बर्फाच्या. टेकडीवरच्या शाळेला जाणाऱ्या पेट्यांना निळी पट्टी. आपल्या वस्तीचं नाव लिहिलेल्या पेटीला लाल."

बॉयलरने एक उसासा टाकला तेवढाच.

थोरल्या दिरांनी मग हळूच टोपी काढली आणि म्हणाले, असं असेल तर नको. धाकटीच्या नवऱ्याची मान डोलायची थांबली आणि आत्याच्या बाजूला झुकून तिथेच राहिली. सिस्टर म्हणाली की पट्टीचा तसा अर्थ नसतो. थोरल्या जावेने विचारलं, मग कसा असतो? पेट्या सिस्टरच्या हाताखाली नव्हत्या. तिने कधी विचारलंच नव्हतं.

धाकटीला वाटलं, संपलं. आता टेबलाखालची पिशवी उचलायची आणि मागच्या दाराने निघायचं. ती टेबलाकडे वळलीसुद्धा. पण भिंगरी तिकडे गाठोड्यांवर पालथी पडून पाय हलवत होती, आणि तिच्या घशात काहीतरी गुणगुणणं चाललं होतं. त्या घशाकडे बघताना धाकटीच्या मनात आलं की आपण हे चोरून केलं तर या पोरीला चोरून जगायची सवय लागेल. औषधसुद्धा चोरून घ्यायचं. तिने पिशवी टेबलाखालून बाहेर काढली, सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली, आणि जाऊन आत्याच्या हातातल्या चादरीचं समोरचं टोक धरलं.

आत्याने ते ओढून घ्यायचा प्रयत्न केला. धाकटीने सोडलं नाही.

"आत्याबाई, मी भिंगरीला आज लस देणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी. पहाटेपासून चोरून न्यायच्या बेतात होते. आता चादर धरून सांगते."

नवरा म्हणाला, अगं. एवढंच.

आत्याने चादर ताणली. धाकटीनेही ताणली. झटका बसला तशी वाफ फाटली आणि दोघींना एकमेकींचे चेहरे नीट दिसले.

"तुला माझ्या भावाची गोष्ट ठाऊक आहे ना," आत्या म्हणाली.

ती गोष्ट ठाऊक नाही असं घरात कुणीच नव्हतं. घरातलं प्रत्येक पोर ती ऐकतच जेवायला शिकलं होतं. आत्या लहान असताना इस्पितळाचा डॉक्टर शाळेत आला. त्याच्या मिशीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. त्याच्या हातात छत्रीच्या काडीएवढी सुई. ती आत्याच्या पाठच्या भावाला टोचली, तर त्याच्या अंगात हवा भरली. आधी गाल फुगले, मग पोट, मग तो जमिनीवरून उचलला गेला आणि तरंगत तरंगत लॉन्ड्रीच्या धुराड्यावरून पलीकडे गेला. बापाने त्याच्या पायाला चादर बांधली होती, तीही बरोबर गेली. आणि अजूनही दुपारी ढगाला चादरीसारखी घडी दिसली की समजायचं, तो वरून हात करतोय. भिंगरी तर ढगाकडे बघून रोज हात करायची. धाकटी स्वतः या गोष्टीला हसून हसून लोळली होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"नाही. ती मुलांसाठी आहे."

दोघी एकमेकींकडे चालत आल्या. आत्याने टोकं धाकटीच्या हातात दिली, पण लगेच खाली वाकून घडीची कड उचलली नाही. तशीच जवळ उभी राहिली आणि इतक्या साध्या आवाजात बोलली की धाकटीला तो आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"डॉक्टरला मिशी नव्हती. चांगला गोरागोमटा, हसरा होता. सुई होती तेवढीच होती, जेवढी असते. आमच्या शाळेतच आले, टेकडीवरच्या नाही. म्हणाले, ताकदीचं औषध आहे. आम्हाला रांगेत उभं केलं. मलाही टोचलं, मला काही झालं नाही. त्याला संध्याकाळी ताप आला. मग पाय हलेनात. मग हात. बापाने त्याला मागच्या वॉर्डात नेलं आणि तो तिथेच गेला. आपणच धुतलेल्या चादरीवर."

धाकटीचे हात तसेच वर राहिले होते.

"बाप रोज चादरी पोचवायला जायचा आणि रोज विचारायचा, माझ्या पोराला काय दिलं होतं. ते म्हणायचे, थांब. तो थांबायचा. मग कुणीतरी येऊन त्याच्या हातात मळक्या चादरींचं पुढचं गाठोडं द्यायचं. पुष्कळ वर्षांनी उडत उडत कळलं, की ते औषध नवीन होतं. चालतं की नाही ते बघत होते. बघायला आमची पोरं घेतली. हे आम्हाला कुणी समोर उभं राहून सांगितलं नाही. आजपर्यंत नाही."

सिस्टर भिंतीला टेकली होती. तिला गोष्टीतला काका ठाऊक होता, धुराड्यावरून उडणारा. ज्या वॉर्डात ती रोज तापमान बघत फिरते, तिथे तो मेला होता हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. थोरली जाऊ पदराने तोंड पुसत होती आणि वाफ फार झाली म्हणत होती.

"आता ने," आत्या म्हणाली. "न्यायची तर ने. मी हे सांगितल्यावरही न्यायची असली तर."

आतापर्यंत धाकटीला वाटत होतं की आत्याबाईंचा हट्ट आहे, जुन्या माणसांचा असतो तसा. हट्टाशी भांडता येतं. हा हट्ट नव्हता. तिला मनातल्या मनात लाज वाटली की ती या गोष्टीला हसली होती, आणि त्याच वेळी गाठोड्यावरचं ते गुणगुणणंही कानात होतंच.

"आत्याबाई, तुम्हाला सुईची भीती वाटते ती खरी आहे," ती शेवटी म्हणाली. "मला शिंप्याच्या पोरीच्या घशातल्या शिट्टीची वाटते. ती मी ऐकली आहे. तीपण खरी आहे. मी काय करू?"

आत्या वाकली, घडीची कड उचलली आणि तिच्या हातात दिली.

"लाल पट्टी का लावली ते तू विचारलंस कुणाला?"

"नाही."

"ही विचारत नाही, ती विचारत नाही," तिने सिस्टरकडे हनुवटी केली. "मी बघितलं, पण मीही विचारलं नाही. घरी आले आणि आपणच उत्तर शिवून टाकलं. माझा बाप निदान विचारत तरी होता. त्यांच्या दारात उभा राहून विचारायचा, हीच चूक. आज ते आपल्या दारात येतायत ना? फाटक उघडा. पण टोचायचं काही नाही. आधी विचारायचं."

इस्पितळाची गाडी आली तेव्हा अंगणाबाहेर बायकांची गर्दी जमली होती. पोरं कडेवर, पण फाटकाच्या आत पाय कुणाचा नाही. सगळ्यांचे डोळे आत्यावर. डॉक्टर तरुण होता, टेकडीवरचा, केस नीट विंचरलेले. वाफेत शिरताच त्याच्या चष्म्यावर धुकं धरलं आणि तो चष्मा पुसत "नमस्कार आजी" म्हणाला, तर तोंड बॉयलरकडे होतं. बायका हसल्या.

"आजी म्हणायला मी तुझ्या आईची आई नाही," आत्या म्हणाली. "इथे सगळे आत्या म्हणतात. हे धर."

त्याच्या हातात चादरीची दोन टोकं आली. त्याला वाटलं ती कुठेतरी पसरायची आहे, म्हणून तो जमिनीकडे नेऊ लागला, तशी थोरली जाऊ ओरडली. मग सिस्टरने त्याला दाखवलं, कसं ताणायचं, कसं झटकायचं. पहिल्या झटक्याला चादर त्याच्या हातातून सुटता सुटता राहिली. आत्याने मुद्दामच जोर लावला होता, हे धाकटीने पाहिलं.

आत्याने त्याला विचारलं की लशीत काय आहे, ती कुठे कुठे दिली, पोरांना काय होतं. त्याने सगळं सांगितलं, नीट, न चिडता. दंड दुखेल, थोडा ताप येईल, एखाद्याला जास्त त्रास होऊ शकतो, फार क्वचित, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ इथेच बसवायचं. त्याच्या स्वतःच्या मुलीने घेतली होती. इथवर सिस्टरने सांगितलं तसंच होतं. मग आत्याने विचारलं, आमच्या पेटीला लाल पट्टी का?

डॉक्टरने पेटीकडे पाहिलं. खरंच लाल होती. त्याने आपल्या बरोबरच्या माणसाकडे पाहिलं, त्या माणसाने खांदे उडवले.

आता डॉक्टर काहीतरी बोलेल, धाकटीला वाटलं. मोठी माणसं बोलतात तसं. काळजी करू नका, सगळं सारखंच असतं, असं काहीतरी. तो तसं म्हणाला असता तर आत्याने फाटक लावलं असतं, आणि मग धाकटीने पिशवी उचलली असती, आणि हे घर पुन्हा एकत्र चादर धरायच्या लायकीचं राहिलं नसतं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाला. "विचारून येतो."

"आणखी एक विचार," आत्या म्हणाली आणि धरलेल्या चादरीची कड त्याच्यापुढे केली. "हा लाल दोरा का, तेही."

गाडी गेली. पेटी आणि बरोबरचा माणूस अंगणात राहिले. थोरले दीर म्हणाले की तो काही परत येत नाही, त्याला चादरीनेच घाबरवलं. थोरली जाऊ म्हणाली, येईल, आणि मग आपण नवऱ्याच्या विरुद्ध बोललो म्हणून तिला जरा बरं वाटलं. आत्या दाराकडे पाठ करून इस्त्री करत होती, आणि एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा. बाहेरच्या बायकांनी पोरं कडेवरून खाली ठेवली, पुन्हा उचलली. कुणी घरी गेलं नाही. धाकटी भिंगरीला घेऊन पायरीवर बसली आणि तिचा घसा उजेडात बघत राहिली, तोंड उघड, अजून उघड, म्हणत, तर भिंगरी वैतागून म्हणाली की आता आत काही उरलं नाही, सगळं बघून झालं.

डॉक्टर परत आला तेव्हा सावल्या अंगणाच्या मधोमध आल्या होत्या. त्याला धाप लागली होती. या वेळी त्याने आत येताच चष्मा काढून खिशात ठेवला आणि आपणहून चादरीचं टोक उचललं. समोरचं टोक आत्याने धरलं.

लाल पट्टी म्हणजे आधी रवाना करायची पेटी, त्याने सांगितलं. जिथे पोरं आजारी पडली आहेत तिथे आधी. औषध तेच, एकाच खोक्यातून दोन्हीकडे गेलेलं. ज्या बाईने पट्ट्या लावल्या तिला त्याने स्वतः विचारलं, खोकीही उघडून पाहिली. हवं तर आत्यानेही येऊन बघावं, तो घेऊन जाईल.

आत्याने ऐकून मान डोलावली. "आणि दोरा?"

चादर दोघांमध्ये सैल पडली.

"दोऱ्याचं तुम्ही म्हणता तसंच आहे," तो म्हणाला. "मी मागच्या वॉर्डात गेलो, हात लावून पाहिलं. वरच्या मजल्यावरही पाहिलं. कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येईना. पण आहे तसंच. मी तिथे रोज जातो, मला दिसलं नव्हतं."

सिस्टर भिंतीपाशी हलक्या आवाजात म्हणाली, मलाही. आणि ती तर याच घरात वाढलेली, चादर डोळे मिटून ओळखणारी.

"त्याचं काय करता येईल ते मला आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "वरिष्ठांना विचारणार आहे. आज गेलो तर भेटले नाहीत."

धाकटी आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो काही उजळला नाही. उलट ती एकदम थकल्यासारखी दिसली, आयुष्यभर एखादी चादर ताणून धरली असावी आणि आता समोरून कुणीतरी पहिल्यांदाच दोन पावलं चालत आलं असावं तशी. तिने त्याच्या हातातून टोकं घेतली. भावाचं काही विचारलं नाही. ते या पोराच्या जन्माआधीचं होतं, आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, हे तिला दिसत होतं.

"मला अजून पटलेलं नाही," ती म्हणाली. "मला बहुतेक पटणारही नाही. पण ती माझी गोष्ट आहे." मग धाकटीकडे वळली. "ही आई आहे. तिचं तिला ठरवू दे. माझी भीती पोरीच्या अंगावर चढवू नका, ती तिच्या मापाची नाही."

धाकटीच्या नवऱ्याने भिंगरीला उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आत्याकडे विचारायला म्हणून पाहिलंही नाही, आणि धाकटीला वाटलं की लग्नाला एवढी वर्षं झाली तरी या माणसाला आपण आज पहिल्यांदा नीट बघतोय. तो खुर्चीवर बसला, पोरीला मांडीवर घेतलं. धाकटीने तिची बाही वर केली. सिस्टरने औषध भरलं, आणि बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचलं, अंगणाबाहेर ऐकू जाईल इतकं. सुई गेली तेव्हा भिंगरी रडली, जेवढं रडायला हवं तेवढं. आत्या सुईकडे बघत नव्हती. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लववता, आणि डॉक्टरला ते कळत होतं, पण त्याने नजर वळवली नाही.

मग बाहेर गलका झाला. फाटकाशी उभ्या बायकांनी एकदमच विचारायला सुरुवात केली. आत्या, देऊ का गं पोराला? आत्या, तू म्हणशील तसं. आत्या, तू घेतेस का आधी? सगळ्यांचे हात पोरांच्या बाह्यांवर, वर करायच्या की खाली, एका शब्दावर अडलेले.

धाकटीला वाटलं, आता ही काय म्हणेल. हो म्हणाली तर सगळी वस्ती रांगेत उभी राहील, एकाही प्रश्नाशिवाय, शाळेत उभी राहिली होती तशीच.

आत्याने इस्त्रीच्या टेबलाजवळचं स्टूल उचललं, ते आणून डॉक्टरच्या खुर्चीच्या अगदी शेजारी ठेवलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "हा बसलाय ना, याला विचारा. एकेक या. पोटात जे असेल ते विचारा, येडंगबाळं असलं तरी विचारा. समाधान झालं तर हात पुढे करा, नाही झालं तर घरी जा, पोरं तुमची. आणि याने उत्तर द्यायला कंटाळा केला तर मी इथे बसलेय."

मग शिंप्याची बायको पुढे आली. तिची पोरगी टेकडीवर मागच्या वॉर्डात होती, आणि कडेवर धाकटं होतं, रडून रडून झोपलेलं. सिस्टरने सवयीने सुई भरायला घेतली. डॉक्टरने तिला हाताने थांबवलं, खुर्ची पुढे ओढली आणि शिंप्याच्या बायकोला म्हणाला, "बसा. विचारा."